मधल्या दिवसांची साक्ष

आमच्या मंडळीत साक्ष द्यायची वेळ ठरलेली असते. 31 डिसेंबरच्या रात्री, वर्षाखेरच्या उपासनेत पाळकसाहेब उपदेश आटोपता घेतात आणि ज्यांना प्रभूचे उपकार सांगायचे असतील त्यांना पुढे बोलावतात. मग एकेक जण उठतो. कुणाचं ऑपरेशन निभावलेलं असतं, कुणाच्या मुलीचं लग्न जमलेलं असतं, कुणाची शेवगावहून नगरला बदली झालेली असते. साक्षीचा साचाही ठरलेला. संकट आलं, डॉक्टरांनी हात टेकले, आम्ही गुडघे टेकले, प्रभूनं ऐकलं. मंडळी 'आमेन' म्हणते आणि पुढचा उठतो.

या साक्षी मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्यांत खोटं काही नसतं. पण ज्यांचं संकट अजून चालूच आहे ते त्या रात्री जागचे हलत नाहीत. त्यांना कुणी बसवून ठेवलेलं नसतं. त्यांच्या गोष्टीला शेवट नसतो, एवढंच. माझा उभा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवण्यात गेला, त्यामुळे पोरांनी उत्तर अर्धं सोडलेलं मला कधी खपलं नाही. हे मात्र अर्धंच सांगावं लागणार आहे.

ह्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याचं 2021 च्या पावसाळ्यात कळलं. हे एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. आज बरं वाटतंय म्हणून रक्तदाबाची गोळी सोडून देणारे जे असंख्य पुरुष असतात, त्यांतलेच एक. पायांवर सूज आली, जिना चढताना धाप लागायला लागली, तोंडाची चव गेली. तपासलं तर क्रिएटिनिन अकराच्या वर. डॉक्टरांनी कागदावर दोन घेवड्याच्या बिया काढल्यासारखं चित्र काढून समजावलं आणि त्याच आठवड्यात ह्यांना मशीनवर घेतलं. तेव्हापासून आमचा आठवडा मंगळवार, गुरुवार, शनिवार असा चालतो. प्रत्येक वेळी चार तास. खर्चाचा मोठा भार महात्मा फुले जनआरोग्य योजनेनं उचलला नसता, तर घर केव्हाच विकावं लागलं असतं. हेही मी देवाच्या उपकारांतच धरते. सरकारी योजना आहे म्हणून तो उपकार कमी होत नाही.

डायलिसिस म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडून फिस्टुला करतात. त्यात दोन जाड सुया जातात; एकीतून रक्त बाहेर येतं, दुसरीतून स्वच्छ होऊन परत जातं. एका वेळेला मशीनला शंभर लिटरच्या वर शुद्ध केलेलं पाणी लागतं. त्यामुळे आरओ प्लांट बिघडला की सगळी पाळी खोळंबते आणि बाहेर बाकड्यांवर सुजलेल्या चेहऱ्यांची रांग लागते. फिस्टुलावर बोट ठेवलं की आत घरघर जाणवते. ती थांबली तर फिस्टुला बंद पडला, पळा दवाखान्यात. हे रोज सकाळी उठल्याबरोबर डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवतात, डोळे मिटून ऐकल्यासारखं करतात आणि म्हणतात, "इंजिन चालू आहे." मग प्रार्थना. आधी प्रार्थना आणि मग मनगट असा क्रम असावा, असं मला वाटायचं. आता मी तो नाद सोडला आहे.

सुयांपेक्षा वाईट काही असेल तर ती तहान. लघवी जवळपास होत नाही, म्हणून प्यायलेलं पाणी अंगात साठतं, फुप्फुसात चढतं. दिवसभराचं पाणी एका बाटलीत मोजून ठेवायचं. चहा, औषधाचा घोट, आमटीचं पाणी सगळं त्यातलंच. नगरचा एप्रिल-मे ज्यांनी काढला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. हे बर्फाचा एक खडा गालात धरून अर्धा तास काढतात.

अशाच एका उन्हाळ्यात उत्तम शुक्रवारी आम्ही मंदिरात बसलो होतो. दुपारी बारा ते तीन, येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पाचवा उद्गार तहानेचा. बोलणारे गृहस्थ विद्वान होते. त्यांनी सांगितलं की ही तहान शारीरिक नव्हे, ती आत्म्यांच्या तारणाची तहान आहे. बराच वेळ त्यांनी ते खुलवून सांगितलं. हे माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "सकाळपासून उन्हात टांगलेल्या माणसाला तहान लागते गं. तहान म्हणजे तहान." त्यांच्या खिशात तेव्हा दोनशे मिलिलिटरची बाटली होती आणि तिच्यात संध्याकाळपर्यंतचं पाणी होतं. त्या दिवशी झालेल्या सात प्रवचनांतलं मला एवढंच आठवतं. ज्याला घसा कोरडा पडणं ठाऊक आहे अशा प्रभूपाशी बोलणं सोपं जातं.

प्रत्यारोपणाचा विषय घरात लवकरच निघाला. कायद्यानं जवळच्या नातेवाइकाला मूत्रपिंड देता येतं. मला मधुमेह, त्यामुळे माझं नाव पहिल्याच फेरीत बाद. मुलगा चाकणला कंपनीत आहे; तो तयार होता, त्याचा रक्तगटही जुळत होता. ह्यांनी साफ नकार दिला. "पोराला दोन लेकरं आहेत. मी गाड्या दुरुस्त करायचो, चालत्या गाडीचा पार्ट काढून बंद गाडीला लावत नव्हतो." मुलगा रडला, भांडला, महिनाभर फोनवर नीट बोलला नाही. कोण बरोबर होतं ते मला आजही ठरवता येत नाही. अब्राहाम आणि इसहाकाची गोष्ट मी रविवारच्या शाळेत पोरांना कितीदा सांगितली असेल. त्या डोंगरावर बाप आणि मुलगा दोघंही काय काय सोसून उतरले असतील, याचा विचार प्रथम त्या महिन्यात केला.

मग ह्यांचं नाव पुण्याच्या विभागीय केंद्राच्या प्रतीक्षा यादीत गेलं. मेंदूमृत रुग्णाच्या घरच्यांनी संमती दिली की यादीतल्या रुग्णांना फोन जातो. एका मूत्रपिंडासाठी एकाहून जास्त जणांना बोलावून ठेवतात, कारण रक्ताची जुळणी शेवटच्या तासांत कळते. आमचा फोन दिवाळीनंतरच्या थंडीत आला, रात्री साडेदहाला. "पेशंटला काही खायला देऊ नका, लगेच निघा." शेजारच्या मुलानं गाडी काढली. सुपा मागं पडलं, शिरूर आलं, हे मागच्या सीटवर झोपी गेले. मी मनातल्या मनात प्रार्थना जुळवायला घेतली आणि तिथंच अडकले.

काय मागायचं? मूत्रपिंड मिळू दे. पण ते मिळणार म्हणजे पुण्यात कुठल्या तरी घरी त्या रात्री आकाश कोसळलं होतं. असे दाते पुष्कळदा अपघातात डोक्याला मार लागलेले असतात, बरेचसे तरुण. आमच्या महिला मंडळाच्या बायका कितीतरी महिने "प्रभू, लवकर मिळू दे" म्हणून मागत होत्या, मीही मागत होते. लवकर म्हणजे काय? कुणाचं पोर आज रात्री गाडीवरून पडू दे? असं कुणीच मागत नव्हतं, हे देवालाही कळत असणार. तरी त्या अंधाऱ्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या एकेका मोटारसायकलीकडे पाहताना ते शब्द माझ्या तोंडून निघेनात. रांजणगाव ओलांडेपर्यंत मी गप्प होते. मग मी त्या घरासाठी मागितलं. आईसाठी, बायको असेल तर तिच्यासाठी, आणि ज्यानं त्या कागदावर सही केली त्याच्या हातासाठी. आमच्यासाठी काही मागितलं नाही. उदारपणा म्हणून नव्हे. दोन्ही मागण्या एका तोंडात मावेनात.

पहाटे रुग्णालयाच्या लांबलचक व्हरांड्यात आम्ही निकालाची वाट पाहत होतो. पलीकडच्या टोकाला पाच-सहा माणसं भिंतीला टेकून उभी होती. दाता कोण हे सांगत नाहीत, आणि ती माणसं त्याच घरची होती की नाही हे मला आजही ठाऊक नाही. त्यांतला एक जण फोनवर गावाकडं सांगत होता, "अकरापर्यंत आणतो. आबांना आत्ताच सांगू नका." मी उठून त्यांच्याजवळ जावं असं वाटलं, पण जाऊन म्हणणार काय?

सहाच्या सुमारास समन्वयक बाई आल्या. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह. म्हणजे ह्यांच्या रक्तानं ते मूत्रपिंड नाकारलं असतं. ते दुसऱ्या कुणाला तरी लागणार होतं. ह्यांनी बाईंना विचारलं, "ज्यांना लागणार ते वयानं केवढे?" बाईंनी सांगितलं नाही, नियमच तसा आहे. परत येताना शिरूरला अर्धा कप चहा घेतला, तोही बाटलीच्या हिशेबातला. हे म्हणाले, "लागलं ना कुणाला तरी. वाया नाही गेलं." आणि नगर येईपर्यंत पुन्हा झोपले. त्या झोपेचा मला हेवा वाटला.

घरी भेटायला येणाऱ्यांविषयी लिहायचं तर वेगळा लेख होईल. बहुतेक माणसं प्रेमानं येतात आणि कारणं सांगतात. देव परीक्षा पाहतो. देव आपल्या माणसाला शिस्त लावतो. पूर्वजांचं काही असेल. एका लांबच्या नातेवाइकानं आम्हाला आरोग्यप्रार्थनेच्या सभेला नेलं. तिथल्या उपदेशकांनी ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि पूर्ण विश्वास असेल तर पुढचं डायलिसिस करू नका, असं सांगितलं. ह्यांनी नम्रपणे विचारलं, "साहेब, मग पोटॅशियमचं काय करू?" उपदेशकांना पोटॅशियम ठाऊक नसावं. मला राग आला तो मात्र ओसरलेला नाही. असं सांगणारा माणूस स्वतः काही गमावत नाही. ऐकणाऱ्याचं हृदय मात्र रक्तात पोटॅशियम साठून सोमवारपर्यंत बंद पडू शकतं. याला मी विश्वास म्हणणार नाही.

ईयोबाचे मित्र आले तेव्हा पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले होते. तेवढंच त्यांचं बरोबर होतं. बोलायला लागले आणि बिघडलं. 42 अध्यायांच्या त्या पुस्तकाच्या शेवटी देव त्या समजावणाऱ्या मित्रांवर रागावतो आणि जो सतत तक्रार करत होता, देवाला जाब विचारत होता, तो ईयोब योग्य बोलला असा निवाडा देतो. हे माझ्या वाचण्यातून इतकी वर्षं निसटलं कसं कोण जाणे. आमच्याकडे ईयोब म्हटलं की सहनशीलपणा एवढंच शिकवतात. स्तोत्रांतही निम्मं रडगाणं आहे म्हटलं तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाचं एक वाक्यही जोडलेलं नाही. तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलं गेलं. ज्यांनी ठेवलं त्यांचे माझ्यावर उपकार आहेत.

आमच्या गल्लीतल्या निवृत्त नर्सबाई, सगळे त्यांना आत्या म्हणतात, त्या काही बोलत नाहीत. त्या येतात, विळी पुढ्यात ओढतात आणि भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात टाकतात. तासाभरानं ते पाणी ओततात आणि भाजी नव्या पाण्यात उकडतात, ते पाणीही फेकतात. असं केल्यानं भाजीतलं पोटॅशियम उतरतं. चवही उतरते, त्याला इलाज नाही. हे करताना आत्या कधी उपासना संगीतातलं एखादं गीत गुणगुणतात, कधी सुनेची गाऱ्हाणी सांगतात. निघताना दारात उभं राहून दोन वाक्यांची प्रार्थना करतात आणि त्यात बरं कर असं नेहमी असतंच असं नाही.

मशीनवरच्या शेजाऱ्यांनीही आम्हाला पुष्कळ दिलं. पाथर्डीकडचे एक वारकरी बुवा ह्यांच्या शेजारच्या बेडवर असायचे. वारी सुटल्याचं दुःख त्यांना आजारापेक्षा मोठं होतं. एकदा हे पडल्या पडल्या गात होते, बुवांनी मान वळवून विचारलं, "अभंग चांगला आहे, कुणाचा?" हे म्हणाले, "टिळकांचा." "लोकमान्यांनी अभंग पण केले?" मग हसणं झालं आणि ह्यांनी रेव्हरंड नारायण वामन टिळकांविषयी सांगितलं, ते याच नगरात कसे राहिले, तुकोबांना किती मानत. त्यानंतर बुवा रोज एक आमच्या टिळकांचा आणि एक आपल्या तुकोबांचा असा अभंग ठरवून म्हणायचे. टेक्निशियन पोरगा मोबाइलचा आवाज कमी करून ऐकायचा. एका गुरुवारी बुवांच्या बेडवर दुसराच माणूस होता. सिस्टरांनी सांगायची गरज पडली नाही. ह्यांनी त्या दिवशी दोन्ही अभंग एकट्यानं म्हटले.

मला कुणी विचारतं, एवढं होऊन विश्वास टिकला कसा? या प्रश्नात असं गृहीत असतं की दुःख हे विश्वासाच्या आड येणारं काहीतरी अचानक घडलेलं आहे. आमच्या मराठी ख्रिस्ती लोकांनी तरी असं म्हणू नये. पंडिता रमाबाईंचे आईवडील 1870 च्या दशकातल्या दुष्काळात गेले, मग भाऊ श्रीनिवास गेला, मग लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत पती बिपिनबिहारी मेधावी. हे सगळं ख्रिस्ती होण्याआधीचं. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला. पुढे केडगावला (नगरजवळचं नव्हे, दौंडजवळचं) मुक्ती मिशन उभं राहिलं, दुष्काळात शेकडो मुली-बायका तिथं वाचल्या. आणि ज्या मनोरमेवर हा सारा कारभार सोपवायचा, ती एकुलती एक मुलगी 1921 मध्ये आईच्या देखत गेली. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. मधल्या महिन्यांत त्या बायबलच्या भाषांतराचं काम पुरं करत होत्या. रमाबाई आमच्या साच्यातल्या साक्षीला उभ्या राहिल्या असत्या, तर शेवटचं वाक्य काय म्हणाल्या असत्या? मला वाटतं, प्रूफं तपासायची आहेत म्हणून त्या खाली बसल्या असत्या.

गेल्या वर्षाखेरीला नव्या पाळकसाहेबांनी ह्यांना नाव घेऊन बोलावलं. हे खांबाला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "सलाम मंडळी. मी बरा झालेलो नाही. परवा मशीन आहे. प्रभू सोबत आहे." आणि बसले. 'आमेन' कुठं म्हणायचं ते मंडळीला कळेना. मागच्या बाकावरून आत्यांचा एकटीचा आवाज आला.

पवित्र आठवड्यात आमच्याकडे शुक्रवारी तीन तासांची उपासना असते आणि रविवारी पहाटे पुनरुत्थानाची. शनिवारी काही नसतं. मंदिर झाडतात, फुलं आणतात, बायका करंज्या तळतात. शिष्यांना त्या शनिवारी रविवार ठाऊक नव्हता. त्यांच्या दृष्टीनं गोष्ट शुक्रवारीच संपली होती. आमचा शनिवार मशीनवर जातो, म्हणून असेल, पण हा दिवस मला जवळचा वाटतो. मेलेला माणूस कसा उठतो हे मला कुणाला समजावून सांगता येणार नाही, एवढी वर्षं शिक्षिका असूनही. शुक्रवारी सगळं संपलं असं ज्यांना वाटलं त्यांचा अंदाज चुकला, एवढं मी धरून आहे. ह्यांना मूत्रपिंड मिळालं नाही तरी ते धरून ठेवण्याजोगं आहे, आणि मिळालं तरी शेवटी लागणार तेच आहे. ह्यांनी यंदाही नाताळच्या कोयरमध्ये नाव दिलं आहे. श्वास पुरत नाही, म्हणून लांब सुरांच्या जागी ते नुसतं तोंड उघडं ठेवतात आणि शेजारचा गाऊन घेतो. कोयर मास्तरांना माहीत आहे. त्यांनी सराव मशीन नसेल त्या दिवशी ठेवला आहे.

तुमच्या मंडळीत, वाड्यात, सोसायटीत असं रेंगाळलेलं दुखणं असलेलं एखादं घर असणारच. तिथं जरूर जा. कारण सांगू नका, दृष्टान्त सांगू नका, आपल्या मेहुण्याला कोणत्या काढ्यानं गुण आला तेही सांगू नका. हातात काम घ्या, अर्धा तास बसा, टीव्हीवर क्रिकेट चालू असेल तर क्रिकेट बघा. आणि डायलिसिसच्या पेशंटकडे जाताना शहाळी, केळी, मोसंबी मुळीच नेऊ नका. त्यांत पोटॅशियम फार असतं.